ईगल्सचा २०१७ चा सीझन: पुतळा मात्र दुसऱ्याचा

हेडफोन लावलेत? मस्त. आजचा विषय आहे अमेरिकन फुटबॉल. थांबा, थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. मलाही हा खेळ तीन वर्षांपूर्वीपर्यंत शून्य कळत होता. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात आणि मध्ये जाहिराती लागतात, एवढीच माझी समजूत. हा खेळ माझ्या आयुष्यात आला डेंग्यूमुळे. हो, डेंग्यूमुळेच.

तर सीन असा. २०२२ चा ऑक्टोबर. मी पुण्यात, हिंजवडीत कामाला. अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी आमची टीम क्लेम सेटलमेंटचं एक मॉड्यूल बनवत होती. नऊ महिने मी त्यात घातले होते. डिझाइन माझं, निम्म्याहून जास्त कोड माझा, रात्रीचे कॉल माझे. गो-लाइव्ह नोव्हेंबरात होतं. आणि तीन आठवडे आधी मला ताप भरला. प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या, ॲडमिट केलं. आई साताऱ्याहून धावत आली आणि आल्या आल्या पहिलं वाक्य, "तो लॅपटॉप मिट आधी."

माझ्या जागी टीममधलाच एक जण आला. माझा मित्रच. नाव घेत नाही, त्याला कळेल. त्याने ते काम पूर्ण केलं, गो-लाइव्ह झालं, एकही मोठा बग आला नाही. टाउनहॉलमध्ये त्याला स्टेजवर बोलावलं, टाळ्या, फोटो, लिंक्डइन पोस्ट. त्या पोस्टला मी दोन दिवसांनी लाइक केलं. दोन दिवस का लागले ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता मुद्दा. मी परत रुजू झालो त्या पहिल्या कॉलवर क्लायंटकडचा एक माणूस, पन्नाशीचा, फिलाडेल्फियाचा, हसत म्हणाला की आमचा कार्सन वेंट्झ परत आला. सगळे अमेरिकन हसले. मी पण हसलो, कारण कॉलवर हसायचं असतं. रात्री गूगल केलं. पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, अरे वा, काय मोठी कॉम्प्लिमेंट दिली! पुढच्या पाच मिनिटांत कळलं की त्या गोष्टीत पुतळा दुसऱ्याचा उभा राहिला.

तर आज त्या सीझनबद्दल. फिलाडेल्फिया ईगल्स, २०१७.

आधी खेळ एका मिनिटात समजून घेऊ. तुमच्याकडे बॉल आला की तुम्हाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की परत चार मिळतात. नाही सरकलात तर बॉल समोरच्याचा. म्हणून बऱ्याच टीम्स काय करतात, तीन प्रयत्न करून बघतात आणि चौथ्यावर बॉल लांब लाथाडून देतात, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. आणि जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो क्वार्टरबॅक. तो गेला की टीमचं डोकंच गेलं. बाकीचे नियम मैदानावर जाता जाता कळतील.

फिलाडेल्फिया हे शहर खेळाच्या बाबतीत एकदम कडू. त्यांच्या ईगल्सने शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं १९६० साली, ग्रीन बेला १७-१३ ने हरवून. तेव्हा सुपर बोल नावाची गोष्टच सुरू झाली नव्हती. त्यानंतर दोनदा सुपर बोलपर्यंत पोहोचले, दोन्हीदा हरले. दुसऱ्यांदा २००५ मध्ये, न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून, २४-२१ ने. तीन पॉइंट. म्हणजे तिथे अशी माणसं होती ज्यांचे आजोबा "एकदा तरी बघायचंय" म्हणत गेले, आणि मग वडीलही.

२०१६ मध्ये या टीमने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर एक मुलगा घेतला, कार्सन वेंट्झ. नॉर्थ डकोटा स्टेट नावाच्या, मोठ्या कॉलेजांमध्ये न मोजल्या जाणाऱ्या कॉलेजातून आलेला. पहिलं वर्ष ठीकठाक. २०१७ मध्ये मात्र हा पोरगा पेटला. १३ मॅचेसमध्ये ३३ टचडाउन पास, फक्त ७ इंटरसेप्शन. लोक त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणायला लागले होते.

बरं, सगळं गुडी गुडी चाललं होतं असं नाही. टीमचे लोक एकामागून एक जखमी होत होते. पहिल्याच मॅचमध्ये किकर गेला, म्हणून सिनसिनाटीच्या राखीव पथकातून जेक इलियट नावाचा एक नवखा पोरगा उचलून आणला. त्याने तिसऱ्या मॅचमध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध शेवटच्या क्षणी ६१ यार्डांवरून किक मारून मॅच जिंकून दिली, २७-२४. त्याच मॅचमध्ये डॅरेन स्प्रोल्स हा अनुभवी खेळाडू एकाच चालीत हात आणि गुडघा दोन्ही मोडून बाहेर. ऑक्टोबरमध्ये जेसन पीटर्स, म्हणजे क्वार्टरबॅकचा पहारेकरीच म्हणा, गुडघा गेला. हे सगळे एकाच सीझनमध्ये. आमच्याकडे एक माणूस नोटीस पीरियडवर गेला तरी मॅनेजरच्या कपाळावर आठ्या पडतात!

आणि मग १० डिसेंबर २०१७, लॉस एंजेलिस. रॅम्सविरुद्धची मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वेंट्झने स्वतः बॉल घेऊन टचडाउनसाठी उडी मारली. दोन बाजूंनी दोघं आदळले. टचडाउन तर नाहीच मिळाला, आपल्याच खेळाडूच्या फाउलमुळे तो रद्द झाला. पण गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

आता हे ऐका. तो बाहेर गेला नाही. फाटलेल्या गुडघ्यावर अजून चार चाली खेळला आणि चौथ्या डाउनला टचडाउन पास टाकला. मग लंगडत बाहेर पडला. ईगल्स ती मॅच ४३-३५ ने जिंकले आणि त्याच विजयाने त्यांनी आपला डिव्हिजन जिंकला. आपल्याकडे याला एकच वाक्य आहे, गड आला पण सिंह गेला. तानाजींशी कुणाची तुलना करत नाहीये, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. पण त्या रात्री फिलाडेल्फियाची अवस्था तशीच होती.

सिंहाच्या जागी कोण आला? निक फोल्स. याची गोष्ट म्हणजे वेगळाच चक्रम प्रकार. २०१३ मध्ये हाच माणूस याच ईगल्ससाठी खेळला होता, २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन, एकाच मॅचमध्ये ७ टचडाउन. नंतर टीमने त्याला दुसरीकडे पाठवलं, तिथे तो इतका आपटला की २०१६ मध्ये त्या टीमने सोडून दिलं. तेव्हा तो खेळच सोडायच्या विचारात होता. मग एक वर्ष कॅन्सस सिटीत राखीव म्हणून काढलं, आणि २०१७ ला परत ईगल्समध्ये, वेंट्झचा बॅकअप म्हणून. आयटीच्या भाषेत सांगायचं तर बेंचवर.

आता कुणी म्हणेल की आला आणि हिरो झाला. नाही हो. पहिल्या मॅचला चार टचडाउन मारले, लोक खूश. नंतर नाताळच्या रात्री ओकलंडविरुद्ध कसेबसे १९-१० ने जिंकले, फोल्स बेकार खेळला. आणि ३१ डिसेंबरला डॅलसविरुद्ध ६-० ने हरले. शून्य पॉइंट! १३ विजय, ३ पराभव, गटात पहिला नंबर, आणि तरीही प्लेऑफमध्ये स्वतःच्या घरच्या मैदानावर सट्टेवाल्यांनी त्यांना हरणारा संघ ठरवलं. पहिल्या नंबरच्या टीमला त्या फेरीत असं ठरवणं त्याआधी कधी झालं नव्हतं. अटलांटाला १५-१० ने हरवल्यावर लेन जॉन्सन आणि ख्रिस लाँग हे दोघं खेळाडू कुत्र्याचे मुखवटे घालून मैदानावर फिरले. अंडरडॉग म्हणता ना, घ्या डॉग. पुढच्या मॅचला अख्खं स्टेडियम तसले मुखवटे घालून आलं. जाता जाता, हा ख्रिस लाँग म्हणजे तोच ज्याने त्या सीझनचा सगळा पगार शिक्षणाच्या कामाला देऊन टाकला होता. सगळा. मी माझ्या सॅलरी स्लिपकडे बघितलं आणि विषय बदलला.

पण मला यात खरी भारी वाटली ती गोष्ट दुसरी आहे. कोच. मुख्य कोच डग पीडरसन, स्वतः खेळत होता तेव्हा बहुतेक काळ बॅकअप. ब्रेट फाव्हसारख्या मोठ्या खेळाडूच्या मागे उभा राहिलेला. १९९९ मध्ये ईगल्समध्ये त्याला खेळवलं, ते सुद्धा नवा पोरगा तयार होईपर्यंत. त्याचा आक्रमणाचा कोच फ्रँक राइक, तोही बॅकअप. आणि कसला बॅकअप! जानेवारी १९९३ मध्ये बफेलो बिल्सचा नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी, म्हणून राइक खेळला. टीम ३५-३ ने मागे पडली आणि याने ती ४१-३८ ने जिंकून दिली. म्हणजे फोल्सला समजून घ्यायला ज्या खोलीत दोन माणसं बसली होती, ती दोघंही आयुष्यभर दुसऱ्याच्या जागी उभी राहिलेली.

आणि त्यांनी काय केलं, तर फोल्सला "तू वेंट्झसारखा खेळ" म्हणाले नाहीत. त्यांनी चालींचं पुस्तकच बदललं. २०१३ मध्ये तो ज्या चालींवर चांगला खेळला होता, पटकन निर्णय, पटकन पास, तशा चाली त्यात जास्त घातल्या. पुढची मॅच मिनेसोटाविरुद्ध, लीगमधला सर्वात तगडा बचाव. ती टीम जिंकली असती तर स्वतःच्याच स्टेडियममध्ये सुपर बोल खेळणारी पहिली टीम ठरली असती. फोल्सने ३३ पैकी २६ पास पूर्ण केले, ३५२ यार्ड, ३ टचडाउन. ३८-७. विषय संपला.

हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलो. कारण मी कामावर परत आल्यावर कोड उघडला होता आणि माझ्या मित्राने त्यात बरंच काही बदललेलं बघून माझं डोकं फिरलं होतं. माझं डिझाइन, आणि हा कोण? मनात हेच. तो माझ्यासारखा खेळणारच नव्हता आणि त्याने खेळायचंही कारण नव्हतं, हे मला तेव्हा पचलं नाही. आत्ताही पूर्ण पचलंय असं म्हणणार नाही.

सुपर बोल. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. समोर तेच पेट्रियट्स, तोच टॉम ब्रेडी. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, पाच वाजता सुरू झाली असणार मॅच. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर घोरत होतो. ही मॅच मी पाच वर्षांनी शोधून पाहिली, निकाल माहीत असूनही नखं खाल्ली.

ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले. परत सांगतो, ५०५, आणि तरी हरला. दोन्ही टीम मिळून ११५१ यार्ड, एनएफएलच्या कुठल्याही मॅचमधला तोवरचा सर्वात मोठा आकडा. अख्ख्या मॅचमध्ये फक्त एक पंट. म्हणजे बचाव नावाची गोष्ट दोघांनी घरी ठेवली होती.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये पेट्रियट्सने एक गंमत करून बघितली. दुसऱ्याने पास टाकायचा आणि ब्रेडीने झेलायचा. बॉल त्याच्या बोटांना लागून सुटला. हाफटाइमला ३८ सेकंद बाकी असताना ईगल्स टचडाउनपासून एक यार्डावर, चौथा डाउन. साधी किक मारली असती तर तीन पॉइंट खिशात. फोल्स साइडलाइनला आला आणि त्यानेच कोचला विचारलं, ती फिलीवाली चाल खेळायची का? पीडरसनने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाला. बॉल थेट कोरी क्लेमेंटकडे, त्याने तो ट्रे बर्टनकडे टाकला, बर्टनने पास फेकला, आणि कोपऱ्यात एकटा उभा असलेल्या फोल्सने तो झेलला. टचडाउन. सुपर बोलमध्ये टचडाउन पास टाकणारा आणि स्वतः टचडाउन झेलणारा तो पहिला खेळाडू. या चालीचं नाव फिली स्पेशल.

सगळे याच चालीबद्दल बोलतात. मला विचाराल तर त्याहून मोठा क्षण चौथ्या क्वार्टरमधला. ईगल्स ३२-३३ ने मागे, ५ मिनिटं ३९ सेकंद बाकी, स्वतःच्या अर्ध्यात, चौथा डाउन, एक यार्ड हवा. चुकलं तर बॉल ब्रेडीला, खेळ खलास. पीडरसनने तिथेही प्रयत्न केला. या टीमने अख्खा सीझन आकडे बघून चौथ्या डाउनला धाडस केलं होतं, त्यामुळे हा जुगार नव्हता, सवय होती. झॅक अर्ट्झला छोटा पास, दोन यार्ड मिळाले. काही मिनिटांनी त्याच अर्ट्झचा टचडाउन, ३८-३३. मग ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून बॉल उडवला, पूर्ण मॅचमधला एकमेव सॅक. आणि मग तो उसना आणलेला किकर, इलियट, ४६ यार्डांवरून. ४१-३३. फोल्स मॅचचा मानकरी.

मिरवणूक निघाली ८ फेब्रुवारीला. त्याआधी एक किस्सा. फिलाडेल्फियात लोक जिंकल्यावर दिव्यांच्या खांबांवर चढतात, म्हणून पोलिसांनी खांबांना तेलकट पदार्थ फासून ठेवले. तरी लोक चढले. दहीहंडी बघत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. जेसन केल्सी नावाचा दाढीवाला खेळाडू एक भडक झगझगीत पारंपरिक पोशाख घालून आला आणि आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवरून असं भाषण ठोकलं की घसा बसला. ते बघा, पण आईसमोर हेडफोनशिवाय नको.

या सगळ्यात वेंट्झ कुठे होता? साइडलाइनवर. टीमसोबत, नेहमीच्या कपड्यांत. १३ मॅचेस खेळलेला, त्यातल्या ११ जिंकलेल्या. टीम पोहोचली ती निम्म्याहून जास्त त्याच्या खांद्यावरून. अंगठी मिळाली त्यालाही. बाहेर उभं राहून बघणं सोपं नव्हतं, असं त्याने लपवलंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ईगल्सच्या स्टेडियमबाहेर पुतळा बसला, फोल्स आणि पीडरसन चालीबद्दल बोलताहेत तो क्षण. वेंट्झ बरा होऊन परतला तो त्या पुतळ्याच्या शहरात. त्याच वर्षी पाठीने दगा दिला, परत फोल्स प्लेऑफ खेळला. फोल्स गेल्यावर वेंट्झला शेवटी स्वतःची प्लेऑफ मॅच मिळाली, जानेवारी २०२० मध्ये. पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून तो बाहेर. २०२१ मध्ये टीमने त्याला दुसरीकडे पाठवलं. मग एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये, आणि शेवटी बॅकअप.

आता मला एक गोष्ट सांगायचीये, जी मी गेली दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. हॉस्पिटलमध्ये असताना एका रात्री अकरा वाजता माझ्या मित्राचे तीन कॉल आले. मेसेज होता, पेमेंट फेल झालं की आपलं रिट्राय लॉजिक नक्की काय करतं ते दोन मिनिटं समजाव. मी जागा होतो. ताप उतरला होता. फोन हातात होता. मी उचलला नाही. सकाळी लिहिलं, सॉरी, झोपलो होतो. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझ्याशिवाय अडावं असं वाटत होतं.

९ फेब्रुवारी २०२५, आपल्याकडे १० तारखेची पहाट. सुपर बोल, न्यू ऑर्लिन्स, ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. यावेळी मी अलार्म लावून उठलो होतो. ईगल्स ४०-२२ ने जिंकले. आणि समोरच्या टीमच्या साइडलाइनवर, हेल्मेट न घालता, पॅट्रिक माहोम्सचा बॅकअप म्हणून कोण होता? कार्सन वेंट्झ. ज्या शहराला पहिला चषक मिळताना तो बाहेर उभा होता, त्यांना दुसरा मिळतानाही बाहेरच, फक्त मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. कॅमेरा त्याच्यावर कधी जातोय याची मी वाट बघत बसलो होतो.

मॅच संपली, चहा टाकला आणि मित्राला फोन लावला. तो आता बेंगळुरूला असतो. झोपेतच उचलला. मी त्याला त्या तीन कॉल्सचं सांगून टाकलं. तो काही सेकंद गप्प. मग म्हणाला, "माहितीये रे. तुझं लास्ट सीन दिसत होतं."

मला काय बोलावं कळेना. मग तोच म्हणाला, "आणि ऐक, ते तुझं रिट्राय लॉजिक मी शेवटी काढूनच टाकलं होतं. कुणाला लागतच नव्हतं ते. झोपू दे आता."

चला, भेटू पुढच्या भागात.